संघराज्यात राज्यांचा वाटा नेमका कुठे ठरतो?

प्रश्न (जिज्ञासू वाचक)

संघराज्याविषयी वाचताना बहुतेक ठिकाणी एकच मांडणी आढळते. संरक्षण, चलन आणि परराष्ट्र व्यवहार राष्ट्रीय सरकारकडे, पोलीस, जमीन आणि सार्वजनिक आरोग्य राज्यांकडे, आणि उरलेले काही विषय दोघांकडे सामाईक, एवढे सांगून प्रकरण संपते. प्रत्यक्षात मात्र जो विषय निर्विवादपणे राज्यांचा आहे, त्यातही राष्ट्रीय सरकारच्या योजना, अटी आणि मानके लागू होताना दिसतात, आणि राज्ये कधी तक्रार करत तर कधी मुकाट्याने त्या स्वीकारतात. मग राज्यघटनेतील विषयांच्या याद्यांना नेमका किती अर्थ उरतो? आणि राष्ट्रीय सरकारला ‘नाही’ म्हणण्याची ताकद एखाद्या राज्याला मिळते ती कुठून? हा प्रश्न एखाद्या विशिष्ट सरकारवर टीका करण्यासाठी विचारलेला नाही. व्यवस्था कशी चालते, हे समजून घ्यायचे आहे.

उत्तर १ (कायद्याचा अभ्यासक)

यादी महत्त्वाची असते, परंतु ती वाचतो कोण, हे तिच्याइतकेच महत्त्वाचे असते. अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवला की हे स्वच्छ दिसते. अमेरिकेच्या घटनाकारांनी राष्ट्रीय सरकारला मोजके अधिकार दिले आणि १७९१ च्या दहाव्या घटनादुरुस्तीने उरलेले सर्व अधिकार राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतील असे लिहून ठेवले. कॅनडाने १८६७ मध्ये नेमके उलट केले. नुकतेच संपलेले अमेरिकेतील यादवी युद्ध डोळ्यांसमोर असल्यामुळे तेथे शेषाधिकार, म्हणजे याद्यांत न आलेल्या विषयांवरील अधिकार, केंद्राकडे ठेवले गेले आणि प्रांतांचे कायदे रद्द करण्याचा अधिकारही केंद्राला मिळाला. कागदावर पाहिले तर अमेरिकेतील राज्ये बलाढ्य आणि कॅनडातील प्रांत दुबळे व्हायला हवे होते.

घडले ते निराळे. ‘मालमत्ता आणि नागरी हक्क’ हा प्रांतांच्या यादीतील विषय लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (त्या काळी कॅनडाचे अंतिम अपील तेथे चाले) वर्षानुवर्षे इतका व्यापक ठरवला की केंद्राचा शेषाधिकार आक्रसत गेला. प्रांतीय कायदे रद्द करण्याचा अधिकारही १९४३ नंतर वापरला गेलेला नाही. अमेरिकेत राज्याराज्यांमधील व्यापाराचे नियमन करण्याच्या एका कलमाने राष्ट्रीय सरकारला दूरवर नेले. ओहायो राज्यातील रॉस्को फिलबर्न या शेतकऱ्याला राष्ट्रीय कायद्यानुसार ११.१ एकरांत गहू पेरण्याची मुभा होती. त्याने २३ एकर पेरले आणि जादा गव्हाबद्दल त्याला दंड झाला. जादा गहू बाजारासाठी नसून आपल्याच शेतावर वापरायचा आहे, तेव्हा यात आंतरराज्य व्यापार कुठे आला, असे त्याचे म्हणणे होते. १९४२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की घरचा गहू वापरणारा शेतकरी तेवढा गहू बाजारातून विकत घेत नाही, आणि असे अनेक शेतकरी मिळून देशभरच्या भावावर परिणाम करतात. दंड कायम राहिला. यादीतील एक शब्दही न बदलता तिचा आवाका बदलला.

सामाईक विषयांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. तेथे दोघांनाही कायदा करता येतो, परंतु दोन्ही कायद्यांत विरोध आला की सामान्यतः राष्ट्रीय कायदा टिकतो. त्यामुळे राज्यांच्या यादीतून एखादा विषय सामाईक यादीत जाणे, जसे भारतात १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण आणि वने यांच्याबाबत झाले, हे दिसते त्यापेक्षा पुष्कळ मोठे स्थित्यंतर असते.

उत्तर २ (निवृत्त लेखापरीक्षक)

वरील विवेचन योग्यच आहे. तरीही माझ्या मते मूळ प्रश्नाचे उत्तर न्यायालयापेक्षा तिजोरीत अधिक सापडते. राज्यांच्या विषयांत अटी येतात त्या कायद्याच्या वाटेने कमी आणि अनुदानाच्या वाटेने जास्त.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. १९४२ पर्यंत तेथील राज्ये स्वतःचा आयकर वसूल करत होती. युद्धकाळात राष्ट्रीय सरकारने आपला दर इतका वाढवला की त्यावर राज्याचा कर लावणे अशक्यप्राय झाले, आणि जे राज्य आयकर लावणार नाही त्यालाच भरपाईचे अनुदान मिळेल अशी तजवीज केली. राज्यांचा अधिकार कोणी काढून घेतला नाही. घटनेत तो तसाच राहिला, म्हणूनच न्यायालयाने ही योजना वैध ठरवली. युद्ध संपले, व्यवस्था मात्र कायम राहिली.

अटींनाही मर्यादा असू शकते. मद्य खरेदीचे किमान वय २१ न करणाऱ्या राज्याच्या महामार्ग निधीतून सुमारे ५ टक्के कपात करण्याची तरतूद अमेरिकेने १९८४ मध्ये केली आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. २०१२ मध्ये मात्र, गरिबांच्या आरोग्य विम्याचा विस्तार न स्वीकारणाऱ्या राज्याचे त्या योजनेचे सध्याचे सर्व पैसे काढून घेण्याची धमकी त्याच न्यायालयाने सक्ती ठरवून नाकारली. रक्कम किती आणि ती नाकारणे राज्याला परवडेल का, यावर घटनात्मक प्रश्नाचे उत्तर ठरावे, ही बाब मला अतिशय विचार करण्याजोगी वाटते.

भारतातील वाचकांनी आणखी एका ठिकाणी लक्ष द्यावे. पंधराव्या वित्त आयोगाने विभाज्य करांतील, म्हणजे केंद्राने गोळा करून राज्यांसोबत वाटून घ्यायच्या करांतील, ४१ टक्के वाटा राज्यांना द्यावा अशी शिफारस केली. परंतु उपकर आणि अधिभार या विभाज्य रकमेत धरलेच जात नाहीत. म्हणजे टक्केवारी तशीच ठेवून, महसूल कोणत्या नावाने गोळा केला जातो एवढे बदलले तरी राज्यांचा हिस्सा कमी होतो. याच्या अगदी उलट टोकाला स्वित्झर्लंड आहे. तेथे राष्ट्रीय सरकारचा प्रत्यक्ष कर आणि मूल्यवर्धित कर आकारण्याचा अधिकारच मुदतीचा आहे, आणि २०१८ च्या सार्वमताने ही मुदत २०३५ अखेरपर्यंत वाढवण्यात आली.

उत्तर ३ (राज्यशास्त्राची शिक्षिका)

लेखापरीक्षकांशी मी एका मुद्द्यावर असहमत आहे. पैसा ज्याच्या हाती त्याचीच सत्ता, हे खरे असते तर जर्मनीतील राज्ये अगदीच निष्प्रभ ठरली असती. आयकर आणि मूल्यवर्धित कर यांचे दर तेथे राष्ट्रीय कायद्याने ठरतात. राज्याला स्वतः दर ठरवता येईल असा महत्त्वाचा कर म्हणजे जमीन व घरांच्या खरेदीवरील कर, आणि तोही अधिकार २००६ पासूनचा. असे असूनही ती राज्ये प्रबळ आहेत, याला दोन कारणे आहेत. बहुतेक राष्ट्रीय कायद्यांची अंमलबजावणी राज्यांचे प्रशासनच करते. आणि राज्यांच्या तिजोरीत येणाऱ्या करांसंबंधीचा राष्ट्रीय कायदा बुंडेसराट या सभागृहाच्या संमतीशिवाय होत नाही.

या सभागृहात निवडणूक लढवून आलेले सदस्य नसतात. राज्य सरकारांचे मंत्रीच तेथे बसतात. लोकसंख्येनुसार प्रत्येक राज्याला तीन ते सहा मते असतात आणि ती सर्व एकाच बाजूने द्यावी लागतात. २२ मार्च २००२ रोजी स्थलांतरविषयक कायद्याच्या मतदानात ब्रांडेनबुर्ग राज्याची पाळी आली, तेव्हा त्याच्या आघाडी सरकारातील एका मंत्र्याने ‘हो’ आणि दुसऱ्याने ‘नाही’ म्हटले. अध्यक्षांनी मुख्यमंत्र्यांना पुन्हा विचारले, त्यांनी होकार दिला, आणि राज्याची चारही मते होकारार्थी मोजली गेली. एकूण ६९ पैकी ३५ मतांची गरज होती आणि ती या चार मतांमुळेच पूर्ण झाली. राज्याने एकमुखी मत दिलेलेच नाही, असे सांगून घटना न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो कायदा रद्द केला. संपूर्ण देशाचा कायदा एका राज्याच्या मंत्रिमंडळातील मतभेदावर अडला.

अमेरिकेतील सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा असल्या, तरी १९१३ पासून सिनेटर थेट जनतेकडून निवडले जातात. ते राज्यातील मतदारांचे प्रतिनिधित्व करतात. राज्य सरकारचे नव्हे. म्हणून एखाद्या संघराज्याची तुलना करताना मी विद्यार्थ्यांना आधी हे पाहायला सांगते की राष्ट्रीय निर्णय होतो त्या टेबलाशी राज्य सरकार स्वतः बसलेले आहे का.

प्रतिसाद (जिज्ञासू वाचक)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. शेवटच्या निकषावरून विचारतो: भारतातील वस्तू आणि सेवा कर परिषदेला, जिथे केंद्र आणि राज्यांचे मंत्री एकत्र बसतात, असे टेबल म्हणता येईल का?

उत्तर ४ (निवृत्त लेखापरीक्षक)

बऱ्याच अंशी म्हणता येईल, आणि येथे शिक्षिकाबाईंचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश असते, तर निर्णयासाठी तीन चतुर्थांश बहुमत लागते. त्यामुळे सर्व राज्ये एकत्र आली तरी केंद्राशिवाय त्यांना निर्णय घेता येत नाही. केंद्राला मात्र हजर राज्यांपैकी किमान पाच अष्टमांश राज्ये सोबत घ्यावी लागतात. राज्य मोठे असो वा लहान, वजन सारखेच. बहुतेक निर्णय सहमतीने होतात. डिसेंबर २०१९ मध्ये लॉटरीवरील कराच्या प्रश्नावर प्रथमच प्रत्यक्ष मतदान झाले. परिषदेच्या शिफारशी संसदेवर किंवा विधानसभांवर बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. परंतु एखाद्या राज्याने खरोखरच वेगळा दर लावला, तर शेजारच्या राज्यांतून येणाऱ्या मालावरील कराचा परतावा आणि समायोजन यांची सगळी साखळी विस्कटेल, म्हणून हे स्वातंत्र्य वापरण्याची किंमत त्या राज्यालाच आधी मोजावी लागेल.