अनुभव धागा : मुंबईतील देवस्थाने आणि बाजार, गाइडच्या सोबतीने एक दिवस

क्रॉफर्ड मार्केटपासून भेंडी बाजारापर्यंत रमतगमत चालत गेले, तरी पाऊण तास पुरतो. या पट्ट्यात आणि त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत मुंबादेवी आहे, जामा मशीद आहे, पायधुणीचे गोडीजी पार्श्वनाथाचे देरासर, म्हणजे जैन मंदिर आहे, बेने इस्रायली ज्यूंचे जुने सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ आहे; आणि या सगळ्यांना वेढून सोने, कापड, तांब्यापितळेची भांडी, मसाले व विजेचे सामान यांचे वेगवेगळे बाजार आहेत. या भागातून दिवसभराच्या मार्गदर्शित फेऱ्या निघतात. ज्यांनी अशी फेरी केली आहे, जे ती घेऊन जातात किंवा ज्यांच्या दारावरून ती जाते, अशा सर्वांनी येथे लिहावे. स्थळांची यादी कोठेही मिळते. गाइड सोबत असल्यामुळे काय दिसले आणि काय दिसायचे राहिले, ते वाचायला आवडेल. कोणत्याही सहल कंपनीचे नाव घेऊन तक्रार किंवा जाहिरात करू नये, एवढीच विनंती.

* * *

माझा अनुभव मी जामा मशिदीपासून सुरू करतो, कारण त्या दिवशीचे बाकी सगळे मी तेथे मिळालेल्या नजरेनेच पाहिले. शेख मेमन स्ट्रीटवरून जाताना डोळ्यांत भरतात ती दुकाने. मशीद त्यांच्या मागे आणि वर आहे. गाइडने आम्हाला आत नेण्यापूर्वी रस्त्याच्या पलीकडे उभे करून आधी ही दुकानेच नीट पाहायला लावली. मशिदीभोवतीच्या दुमजली इमारतींचे तळमजले भाड्याने दिलेले असतात, हे त्यांनी सांगितले आणि मगच, विश्वस्तांची परवानगी आधी घेतलेली असल्यामुळे, ते आम्हाला आत घेऊन गेले.

आत तळे आहे. अंगणातली शोभेची पुष्करिणी अशी माझी कल्पना होती, ती पार चुकीची ठरली. पायऱ्या उतरत गेलेल्या त्या तळ्याला तळातल्या झऱ्यांचे पाणी आहे, त्यात मासे व कासवे आहेत, आणि काळ्या दगडाच्या सोळा कमानी पाण्यातून वर येऊन संपूर्ण इमारत तोलून धरतात. जागा मुळात एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याच्या मालकीची होती. तळे जसेच्या तसे राखायचे, या अटीवर १७७५ मध्ये त्याने तेथे मशीद उभारायला मान्यता दिली आणि १८०२ मध्ये काम पुरे झाले. म्हणजे खाली पाणी, वर प्रार्थना आणि भोवती दुकाने, अशी ही रचना आहे, आणि तिची सुरुवात एका व्यापाऱ्याच्या अटीतून झाली आहे. देवस्थान पाहून झाल्यावर खरेदीसाठी बाजारात जायचे, अशी दिवसाची विभागणी मी मनाशी करून आलो होतो. या भागात ती करता येत नाही, कारण एकाच भिंतीची आतली बाजू मशीद आहे आणि बाहेरची बाजू बाजार. हे मला एकट्याला कळले नसते. मी दुकानांच्या पाट्या वाचत पुढे निघून गेलो असतो.

* * *

मुंबईत जन्मलेल्या माणसाने मुंबई पाहायला पैसे मोजावेत, हे मला पटत नव्हते. मुलीने परस्पर नाव नोंदवले म्हणून गेलो. माझे बालपण गिरगावातले. आईबरोबर तांबाकाट्याला भांडी घ्यायला आणि फूलगल्लीत हारांसाठी जाणे हा घरचा शिरस्ता होता, त्यामुळे गाइडला चार ठिकाणी अडवायचे असे ठरवूनच निघालो होतो.

अडवले ते मुंबादेवीपाशी. मुंबादेवीचे मूळ देऊळ बोरीबंदरच्या परिसरात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आसपास होते आणि अठराव्या शतकात ते तेथून हलून भुलेश्वरच्या बाजूला आले, हे मला ठाऊक होते. तेव्हा मी विचारले की, कोळ्यांची ही देवी सराफांच्या शेजारी राहायला आली की सराफ देवीच्या शेजारी आले? गाइड तरुण मुलगी होती. तिने ठोकून उत्तर दिले नाही. बंदरावरचा व्यापार कोटाबाहेर, म्हणजे इंग्रजांच्या तटबंदीबाहेर, पसरत गेला तशी वस्ती, देवळे आणि पेढ्या एकमेकांचा आधार धरत येथे आल्या. आधी कोण आणि मागून कोण असा हिशेब गल्लीगणिक वेगळा निघेल, असे ती म्हणाली. मला हे उत्तर आवडले. नाही तर आपल्याकडचे गाइड शिवकाळापासून पुढचे सगळे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखे सांगतात.

तिने मला खरोखर नवे दाखवले ते भुलेश्वरचे पांजरापोळ. त्या दारावरून मी शेकडो वेळा गेलो असेन, आणि गायींना चारा घालण्याची जागा, यापलीकडे मला त्याची माहिती नव्हती. १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून शहरात दंगल उसळली आणि त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने हे पांजरापोळ निघाले. एक पारशी, एक जैन, दोघेही व्यापारी, आणि कारण कुत्र्यांचे! आजही त्या अरुंद गल्ल्यांच्या गराड्यात आत एवढे मोठे गोधन आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचे नाही.

एका बाबतीत मात्र फेरी कमी पडली. झवेरी बाजारात दुकाने उघडण्यापूर्वी पायऱ्यांपाशी आणि गटारांपाशी धूळ झाडून, ती पाण्यात धुऊन तिच्यातून सोन्याचे कण काढणारे न्यारेवाले असतात. फेरी नऊनंतर सुरू झाली, तोवर हे काम आटोपलेले असते. शेवटी ती हकीकत गटाला मीच सांगितली.

* * *

सॅम्युएल स्ट्रीटवरचे शाआर हाराहामीम, म्हणजे दयेचे द्वार, हे आमच्या बेने इस्रायल समाजाचे शहरातील पहिले सिनेगॉग आहे. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी ते स्थापन केले; सध्याच्या जागी ते नंतर आले. मशीद स्थानकाचे नाव याच प्रार्थनास्थळावरून पडले असे सांगतात, आणि बहुतेक गाइड तेवढे सांगून, एक छायाचित्र काढू देऊन, पुढे चालू लागतात.

दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते, टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले आणि सुटून आल्यावर कृतज्ञतेने त्यांनी हे सिनेगॉग बांधले, अशी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा आहे. सुलतानाच्या आईच्या शब्दाखातर त्यांचा जीव वाचला, हा त्या कथेतला सर्वांत लाडका भाग. ती कथा मलाही प्रिय आहे. परंतु एका फेरीत गाइडने ती संवादांसह, जणू दरबारात हजर असल्याप्रमाणे रंगवली, तेव्हा मला अवघडल्यासारखे झाले. कथा ही कथा म्हणूनच सांगावी. तिची गोडी त्याने कमी होत नाही.

त्याऐवजी कोणी हे सांगितले तर ऐकणाऱ्यांच्या पदरात अधिक पडेल : आम्ही कोकणातून आलेले लोक आहोत, दिवेकर, पेणकर अशी गावांवरून पडलेली आमची आडनावे आहेत, पूर्वजांचा धंदा तेलाच्या घाण्यांचा होता आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. आमच्याकडे बायबलमधल्या आख्यानांवर मराठीत कीर्तने होत असत. समोर उभ्या असलेल्या मराठी माणसांना या इमारतीत परके वाटण्याचे कारण नाही, हे त्यांना बाहेरच्या फलकावरून कळणार नाही. ते गाइडनेच सांगायला हवे. शनिवारी आणि आमच्या सणांच्या दिवशी गट घेऊन येऊ नये, आणि आत येताना पुरुषांनी डोके झाकावे.

* * *

मी स्वतः अशा फेऱ्या घेऊन जातो, म्हणून थोडे दुसऱ्या बाजूने लिहितो. या फेरीचे अवघड काम माहिती सांगणे हे नसून वार ठरवणे हे आहे. रविवारी मंगलदास मार्केटसह घाऊक बाजाराचा मोठा भाग बंद असतो. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या सुमारास मशिदींत पाहुणे नेणे योग्य नाही, आणि त्याच दिवशी चोर बाजारातली नेहमीची दुकाने बंद असतात, पण पहाटे रस्त्यावर जुम्याचा बाजार भरतो. शनिवारी सिनेगॉग नाही. मंगळवारी मुंबादेवीला गर्दी. जैनांच्या पर्युषणात देरासरात दर्शनाला येणाऱ्यांची रीघ असते, रमजानात मोहम्मद अली रोडची सगळी चाल सूर्यास्तानंतर बदलते, आणि मोहर्रमच्या दिवसांत मुघल मशिदीच्या परिसरात शोकसभा असतात. उरतात ते सोमवार, बुधवार आणि गुरुवार, म्हणजे नेमके ते दिवस, जेव्हा नोकरदार माणसाला वेळ नसतो.

दुसरी गोष्ट अग्यारीची, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिराची. फोर्टातली बनाजी लिमजी अग्यारी १७०९ सालची, शहरातील सर्वांत जुनी. पारशी-इराणी सोडून इतरांना आत प्रवेश नाही. दर गटात एकजण तरी यावर कुरकुर करतो, ‘पैसे घेऊन बाहेरूनच दाखवता का?’ असेही ऐकवतो. मी या दारासमोर मुद्दाम जास्त वेळ थांबतो. आत काय आहे ते दाखवता येत नाही; परंतु बंदरावर आलेल्या पारशी व्यापाऱ्यांनी कोटाच्या आत पाय रोवताना आपला अग्नी कोठे आणि का आणला, ते रस्त्यावर उभे राहूनही सांगता येते. तेथून चालत काही मिनिटांवर सेंट थॉमस कॅथीड्रल आहे, १७१८ मध्ये उघडलेले, ज्याच्या दिशेने उघडणाऱ्या कोटाच्या वेशीमुळे चर्चगेट हे नाव आले. तेथे आत जाता येते आणि भिंतींवरचे संगमरवरी स्मृतिशिल्पे पाहता येतात. मग अग्यारीच्या बंद दाराचा राग निवतो.

तिसरी गोष्ट कमिशनची, आणि ती स्पष्टच लिहितो. गटाला ठरावीक दुकानात नेऊन बसवले, की गाइडच्या हातावर काही टेकवले जाते, ही पद्धत आमच्या धंद्यात आहे. बाजार पाहायला आलेल्या माणसाला दोन तास एकाच दुकानाच्या गादीवर बसवून ठेवले जात असेल, तर तो बाजार पाहत नाही. फेरी ठरवताना ‘खरेदीसाठी कोणत्या दुकानात थांबणार?’ हे सरळ विचारावे. उत्तरात गुळमुळीतपणा जाणवला, तर दुसरा गाइड पाहावा.

* * *

वरील अनुभवांत एक व्यवहाराची गोष्ट राहिली आहे. माझी आई पंच्याहत्तरीची असून तिचे गुडघे दुखतात. तिला घेऊन गेलो तेव्हा जागोजागी चपला काढणे-घालणे, पायऱ्या, आणि भुलेश्वरच्या गल्लीत पाठीमागून ‘बाजू, बाजू’ करत येणाऱ्या हातगाड्या यांनी ती तीन ठिकाणांतच थकली. वयस्करांना नेताना फेरीचे दोन अर्धे दिवस करावेत, बिनबंदांच्या चपला घालाव्यात, आणि स्वच्छतागृह कोठे आहे ते गाइडला निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

* * *

मी मंगलदास मार्केटमध्ये कापडाच्या दुकानात कामाला आहे. आमच्या बोळांतून रोज गट जातात, त्यामुळे आमच्याकडून दिसणारी बाजूही असू द्यावी. बोळाची रुंदी दोन माणसांची. त्यात बारा-पंधरा माणसे गोल करून उभी राहिली, की डोक्यावर कापडाचे ताके घेतलेला हमाल अडतो. हमालाची मजुरी खेपांवर असते, त्यामुळे त्याचा खोळंबा म्हणजे त्याचे नुकसान. चांगले गाइड गटाला बाहेर, जामा मशिदीच्या बाजूला उभे करून सगळे सांगून घेतात आणि मग रांगेने आत आणतात; त्यांच्या गटाचा आम्हाला कधीच त्रास होत नाही.

पाहुण्यांना एक विनंती. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाची बोहनी आमच्याकडे फार मानतात. घ्यायचे नसेल तर त्या वेळी केवळ गंमत म्हणून भाव पाडत बसू नये. दुपारी या, हवे तेवढे ताके उलगडून पाहा, काही न घेता गेलात तरी कोणी बोलणार नाही. छायाचित्र काढायचे तर गल्ल्यावरच्या माणसाला विचारावे. आमच्या मार्केटात दुकानदार गुजराती, मारवाडी, मेमन असे सगळे आहेत. शेजारच्या मशिदीची अजान झाली, की काहीजण उठून जातात आणि तेवढ्या वेळापुरते त्यांचे गिऱ्हाईक शेजारचा दुकानदार सांभाळतो. गाइड हे कौतुकाने सांगतात. आम्हाला त्यात सांगण्यासारखे काही वाटत नाही, कारण उद्या शेजाऱ्याच्या घरी पूजा असली, की त्याचे दुकान सांभाळायची पाळी दुसऱ्याची असते.

* * *

स्थापत्याची विद्यार्थिनी म्हणून मला दोन जागांविषयी लिहायचे आहे. डोंगरीच्या बाजूची मुघल मशीद १८६० ची, इराणी धाटणीची. तिला घुमट नाही. निळ्या नक्षीच्या फरश्यांनी मढवलेला दर्शनी भाग आणि दोन मिनार आहेत. आधी जामा मशीद आणि नंतर ही पाहिली, तर एकाच धर्माच्या दोन व्यापारी समाजांनी आपापल्या मुलुखाची आठवण किती वेगळ्या तऱ्हेने बांधली, ते कोणी न सांगताही दिसते. भेंडी बाजारातील रौदत ताहेरा ही दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंची समाधी मात्र गाइडशिवाय पाहू नये; आतल्या संगमरवरी भिंतींवर संपूर्ण कुराण कोरलेले आहे, आणि ते कोठून सुरू होते हे कोणी दाखवले नाही, तर नुसती सोनेरी नक्षी पाहून आपण बाहेर पडतो.

दुसरी जागा क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई. दिवसाच्या शेवटी गट थकलेला असतो, त्यामुळे येथे फळे घेऊन फेरी आटोपतात, हे मला मुळीच मान्य नाही. विल्यम इमर्सन यांनी आखलेली ही इमारत १८६९ मध्ये पूर्ण झाली. प्रवेशदारावरच्या कमानींत लॉकवुड किपलिंग यांनी केलेली उठावशिल्पे आहेत, आणि त्यांत देवदेवता किंवा राजेरजवाडे नाहीत, शेतकरी आहेत. घाऊक फळबाजार १९९६ मध्ये नवी मुंबईला गेला. तरी उंच छताखाली हवा कशी खेळती ठेवली आहे आणि गाळ्यांवर उजेड कोठून येतो, ते फळवाल्यांच्या मधे उभे राहूनच कळते. माझ्या मते फेरी येथून सुरू करावी, सकाळी, माल लागत असताना. म्हणजे शेख मेमन स्ट्रीटने जामा मशीद, मंगलदास, झवेरी बाजार आणि मुंबादेवी हे सारे ओळीने लागते आणि उन्हाच्या वेळी माणूस देरासराच्या किंवा मशिदीच्या सावलीत असतो.