मदत हवी आहे: टाकीतली अंतर्गत लाट उतारावरून आरशासारखी परतत नाही

मंडळी, तीन आठवडे एकाच जागी अडकलोय. विषय अंतर्गत गुरुत्व लाटांचा (लायगोवाल्या गुरुत्वीय लहरी नव्हेत, खाली खारट, वर गोडं अशा पाण्याच्या पोटात चालणाऱ्या लाटा).

टाकी दोन बादल्यांच्या पद्धतीने भरली आहे, घनता वर जाताना एकसारखी कमी होते. पाण्याची स्वतःची उत्प्लावन वारंवारता (पाण्याचा थर जरा वरखाली ढकलून सोडला तर तो ज्या वारंवारतेने हेलकावतो ती) १ रेडियन प्रति सेकंद. लाट ०.५ वर उठवतोय, म्हणजे साडेबारा सेकंदांना एक हेलकावा. तरंगलांबी ४ सेंमी. लाटेचा झोत डावीकडून निघून क्षितिजाशी ३० अंशांनी खाली उतरतो, इथवर गणित जुळतं. उजव्या टोकाला उजवीकडे चढत जाणारी अॅक्रिलिकची पाटी आहे. टाकीमागे ठिपक्यांचा कागद, समोर कॅमेरा: लाट गेली की ठिपके हलल्यासारखे दिसतात, त्यावरून ती मोजतो.

पाटी १० अंशांवर ठेवली. आरशाच्या हिशोबाने झोत ५० अंशांनी वर जायला हवा, गेला ३० नेच, आणि जवळपास निम्मा बारीक होऊन. पाटी ६० वर ठेवली तर झोत तिच्यावर काटकोनात आदळतो, आल्या वाटेने परत यायला हवा ना? पठ्ठ्या खाली डावीकडे निघून गेला! आणि २५ वर तर काहीच परत येत नाही. पाटी, टाकीची पातळी, कॅमेरा सगळं तपासलं. चुकतंय कुठे?

खारटपाणी:
काही चुकत नाहीये, फक्त आरसा डोक्यातून काढा. प्रकाशात वारंवारता ठरली की तरंगलांबी ठरते. इथे वारंवारता ठरली की ठरतो तो झोताचा क्षितिजाशी कोन. ०.५ ला १ ने भागलं, ३० ची साइन. पाटी कशीही ठेवा, वारंवारता बदलत नाही, म्हणून कोनही बदलत नाही. बदलते ती तरंगलांबी.

६० ची गंमत अशी: या लाटांत ऊर्जा खाली जात असेल तर शिखरं वर सरकतात. तुमच्या येणाऱ्या लाटेची शिखरं पाटीवरून वर चढतायत. ती आल्या वाटेने परतली तर ऊर्जा वर आणि शिखरं खाली, म्हणजे पाटीवर दोन्ही लाटांचा मेळच बसणार नाही. म्हणून खालची वाट.

निळीरेघ:
२५ बद्दल. झोत किती चेपला जातो ते (३० + उतार) आणि (३० − उतार) या दोन कोनांच्या साइनच्या गुणोत्तरावरून काढा. १० अंशांना १.९ पट. २५ ला ९.४ पट, म्हणजे ४ सेंमीची लाट ४ मिमीची होते. बरं, पाण्याच्या चिकटपणाने लाट विरायचं अंतर तरंगलांबीच्या घनानुसार घटतं. येणारी लाट अर्धा मीटर तग धरत असेल, तर ही अर्ध्या मिलिमीटरमागेपुढेच संपते. उतार बरोबर ३० केलात तर हे सूत्र अनंत सांगतं, त्याचा अर्थ एवढाच की तिथे चिकटपणा किंवा लाट फुटणं यांपैकी काहीतरी मध्ये पडतं. भरती-ओहोटीच्या वारंवारतेच्या अंतर्गत लाटा समुद्रात जिथे अशा जुळत्या उतारावर येतात, तिथे तळालगत पाणी चांगलंच घुसळलं जातं.

येणारी आणि परतणारी लाट पाटीजवळ एकमेकींत मिसळून दुप्पट वारंवारतेची नवी लाट उठू शकते; ती शोधत असाल तर ०.५ सोडा, कारण दुप्पट केलं की १, तिथे लाट चालायचीच थांबते. ०.३ वर या. मग मूळ झोत साडेसतरा अंशांवर आणि नवा, उठलाच तर, ३७ वर दिसेल.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. काल पाटी १५ वर ठेवली. सूत्राने तरंगलांबी १.४६ सेंमी यायला हवी, मोजली तर दीडच्या आसपास.

मग २५ च्या जुन्या फ्रेम्स उघडल्या. पाटीलगतची ५ मिमीची पट्टी मीच कातरून टाकली होती, तिथे ठिपके फार थरथरतात म्हणून.