डिसेंबरात नागपूर: बागा, तलाव, मोकळी हवा. आईबाबा आणि लेकीला घेऊन कुठे जावं?

कोथरूडची_कावेरी:
नमस्कार नागपूरकर मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चुलतभावाचं लग्न आहे तिकडे, मनीषनगरला, आणि लग्न आटोपलं की लगेच परत न फिरता दोन-तीन दिवस राहायचं चाललंय. सोबत आई-बाबा (बाबांचे गुडघे दुखतात, सपाट रस्त्यावर कितीही चालतील पण पायऱ्या नको) आणि आठ वर्षांची लेक, तिला प्राणी-पक्षी दिसले की बास. सगळे सांगतात नागपूर हिरवंगार आहे, बागाच बागा आहेत, पण नेटवर बघितलं तर नुसती नावांची रांग, त्यातली कोणती मुद्दाम जाऊन बघण्यासारखी आणि कोणती आपली कॉलनीतली रोजची ते कळायला मार्ग नाही. मॉल, वॉटरपार्क अजिबात नको. ताडोबाही यावेळी नाही, ते निवांत वेगळं करू. शहरातलं आणि फार तर दिवसात जाऊन येण्यासारखं सांगा ना. स्वतःची गाडी नाही, मेट्रो-रिक्षाने फिरणार.

धरमपेठवाली:
या या, थंडीतच यावं नागपूरला. फक्त एक लक्षात घ्या ताई, तुम्ही बरोबर अधिवेशनाच्या दिवसांत येऊन राहिल्या. हिवाळी अधिवेशन बहुतेक डिसेंबरातच असते आणि विधानभवन सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे सीताबर्डी, झिरो माइल, महाराजबाग हा सगळा पट्टा बॅरिकेड, मोर्चे आणि मंत्र्यांच्या गाड्यांनी भरून जाते. लग्नघरी राहणार नसाल तर हॉटेल आजच बुक करा, नंतर मिळत नाही आणि मिळालं तर भाव विचारू नका. फिरण्याला मात्र त्याचा त्रास नाही, कारण तुम्हाला जे बघायचं ते सकाळचं आहे आणि मोर्चे दुपारून निघतात.

माझं सांगणं एवढंच की नागपूरच्या बागा यादी घेऊन एकेक टिक मारत बघू नका, वेळ धरून बघा. सकाळी उजाडल्यापासून नऊ-साडेनऊ, आणि संध्याकाळी चार ते अंधार पडेपर्यंत, हे दोन वेळ बाहेरचे. मधल्या वेळात छपराखालचं काय ते. आणि इथे डिसेंबरात साडेपाचच्या मागेपुढे सूर्य मावळते, पुण्यापेक्षा बराच लवकर, त्यामुळे जेवून झोप काढून पाच वाजता निघू म्हणाल तर बागेत पोहोचेपर्यंत दिवे लागलेले असतील.

एक सकाळ सेमिनरी हिल्सला ठेवा. जपानी गार्डनजवळ रिक्षा सोडा, तिथलीच वॉकर्स स्ट्रीट धरा, बाबांना एकदम जमेल, सपाट आहे, दोन्ही अंगाला जुनी मोठी झाडं, आणि अर्धं पश्चिम नागपूर सकाळी तिथंच चालत असते, मफलर गुंडाळलेले आजोबा, ट्रॅकसूटमधल्या काकू, कोपऱ्यावर रसवाले. ऊन थोडं वर आलं की धुक्यातून झाडांच्या पट्ट्या पट्ट्या रस्त्यावर पडतात, ते बघायला मी आजही जाते. तिथून बालोद्यान आणि सातपुडा बोटॅनिकल गार्डन जवळच, पण तिघांत मला विचाराल तर जपानी गार्डन आणि तो रस्ता, बाकीचं लेकीला कंटाळा आला नाही तर.

मग नाष्टा. हॉटेलचा फुकटचा ब्रेकफास्ट सोडा आणि कस्तुरचंद पार्काच्या बाजूला तर्री पोहे खा. बशीत पोहे, त्यावर काळ्या चण्याचा लालभडक पातळ रस्सा वाटीभर ओततात, वर कच्चा कांदा, चिवडा, लिंबू. पोहे भिजायच्या आत खायचे, उभ्याउभ्याच. आईंना तिखट चालत नसेल तर "तर्री कमी, चणे जास्त" म्हणा, देतात.

दुपारी रमण विज्ञान केंद्र, लेकीसाठी उत्तम, आत तारांगण पण आहे, आणि समोरच गांधीसागर तलाव. नाव सी. व्ही. रामन यांचं, तेही काही काळ नागपुरात सरकारी नोकरीला होते. संध्याकाळी फुटाळा तलाव.

खंड्या_अंबाझरी:
वर सगळं छान लिहिलंय, फक्त फुटाळ्याबद्दल थोडं वेगळं म्हणतो. तलाव सुंदर आहे, मावळतीला पाणी केशरी होते ते खरंच, पण शनिवार-रविवारी संध्याकाळी चौपाटीवर गाड्यांचे हॉर्न, डीजे, भुट्ट्याचा धूर, पोट्ट्यांची गर्दी, यात गुडघे दुखणाऱ्या माणसाला उभं राहायलाही जागा मिळत नाही. मधल्या वारी जा. नाहीतर पहाटे जा, तेव्हा तोच तलाव ओळखू येत नाही इतका शांत असते, आणि लागूनच तेलंखेडी बाग आहे, तिथे आईबाबांना बसवता येईल.

लेकीला पक्षी आवडतात म्हणता तर खरी जागा अंबाझरी आणि गोरेवाडा. अंबाझरीला तलावाच्या मागच्या अंगाला वनखात्याचं जैवविविधता उद्यान आहे, गवताळ माळ, झुडपी जंगल, आणि पाण्याच्या कडेने आत आत जाणारे रस्ते. सायकलवर फिरता येते. इथे बाग म्हणजे कापलेलं लॉन आणि कारंजं अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका, गवत गुडघ्याएवढं असते आणि त्यातच सगळी मजा आहे. थंडीत उत्तरेकडून बदकं उतरतात, काठावर शेकाट्या, पाणकावळे पंख पसरून उन्हात बसलेले, तारेवर कोतवाल, वेडा राघू. लेकीच्या हाती साधी दुर्बीण द्या आणि एका ठिकाणी पंधरा मिनिटं बसायला सांगा, चालत राहिलं की काही दिसत नाही. भडक लाल-पिवळे कपडे नको, मातकट-हिरवे घाला.

आणि स्वेटर. पुण्याची थंडी समजून येतात लोक आणि कुडकुडतात. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ वर गेला होता, रोज तसं नसते पण तलावाच्या काठी पहाटे वारा लागते, आईबाबांना कानटोपी पाहिजेच. मेमध्ये हेच गाव ४७.९ पर्यंत गेलेलं आहे (२०१३), तेव्हा थंडीची मजा आम्हाला विचारा.

अंबाझरीला जायला मनीषनगरवरून उज्ज्वलनगर किंवा जयप्रकाशनगर स्टेशन, सीताबर्डीला गाडी बदलून लोकमान्यनगरची ॲक्वा लाइन. सुभाषनगरच्या अलीकडे मेट्रोतूनच तलाव दिसते, लेकीला खिडकीशी उभं करा. सायकल मेट्रोत चालते, कोणाची मागून आणली तर कामात येईल.

महालातला_माणूस:
सगळ्यांनी पश्चिम नागपूरच सांगितलं म्हणून मी जुन्या गावाची बाजू मांडतो. नागपूर बागांचं गाव आहे हे काल-परवाचं नाही. गोंड राजा बख्त बुलंद शाहने १७०२ च्या सुमारास गाव वसवलं, पुढे भोसल्यांचं राज्य आलं आणि त्यांनी गावात आणि गावाबाहेर बागा लावल्या. महाराजबाग त्यांची, तुळशीबाग त्यांची, आणि बाहेरच्या अंगाला सक्करदरा, सोनेगाव, तेलंखेडी. बागेला पाणी पाहिजे म्हणून प्रत्येकीच्या जवळ तलाव किंवा विहीर. आज फुटाळ्यावर उभं राहून लोक फोटो काढतात पण शेजारची तेलंखेडी बाग आणि हा तलाव एकाच जोडीतले आहेत हे बघत नाहीत, तुम्ही बघा. सक्करदरा, सोनेगाव आता वस्तीत बुडाले, नावं तेवढी राहिली, तलाव अजून आहेत.

म्हणून एकच बाग बघणार असाल तर महाराजबाग बघा. सीताबर्डीच्या पोटात आहे, बाहेर एवढी गर्दी आणि आत आल्यावर झाडंच झाडं. ती आता कृषी महाविद्यालयाकडे आहे, आणि हे कॉलेजही १९०६ चं, त्यामुळे बाग नुसती शोभेची नाही, तिथे झाडांचा अभ्यास चालते, रोपवाटिका आहे. डिसेंबरात शेवंतीचं प्रदर्शन भरते, तारखा पेपरात येतात, जुळलं तर सोडू नका. कुंडी कुंडी लावलेली असते, पांढरी, जांभळी, विटकरी, बटणाएवढ्या फुलापासून दोन ओंजळीत न मावणाऱ्यापर्यंत, आणि बाग लावणारी मंडळी तिथे एकेका कुंडीपुढे उकिडवी बसून खतपाण्याच्या गोष्टी करतात. आईंना बागेची आवड असेल तर त्यांना तिथून उठवणं कठीण. आतच प्राणिसंग्रहालय आहे, जुनं आणि लहान.

आणि दीक्षाभूमी राहू देऊ नका. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली. स्तूप बाहेरून सांचीच्या वळणाचा, पण आत पोकळ आहे, एवढं मोठं गोल सभागृह आणि मधोमध काचेत अस्थिकलश. चपला काढून आत गेलं की आवाज आपोआप खाली येते, लहान मुलंही कुजबुजतात. बाहेर बोधिवृक्ष आहे, भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेल्या रोपांतून वाढवलेला, त्याच्या पारावर सावलीत लोक तासन्‌तास बसतात. रहाटे कॉलनी स्टेशनवरून रिक्षा करा. ठिकाण बघून झालं म्हणून लगेच निघू नका, बाबांना त्या सावलीत बसू द्या.

कोथरूडची_कावेरी:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, आईला वाचून दाखवलं तर ती शेवंतीच्या तारखांसाठी आत्तापासून मागे लागलीय! दोन-तीन शंका. लेकीला वाघ बघायचाय, तर महाराजबाग की गोरेवाडा? रामटेक बाबांना झेपेल का? सीताबर्डीचा किल्ला आतून बघता येतो का? आणि संत्री कुठून घ्यायची, पुण्यात नागपुरी म्हणून काय वाट्टेल ते विकतात.

खंड्या_अंबाझरी:
वाघासाठी गोरेवाडा, विचारच करू नका. तिथलं प्राणिसंग्रहालय काटोल रोडला आहे, २६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं, आपण बसमध्ये आणि वाघ, बिबट, अस्वलं मोठ्या मोकळ्या आवारात झाडीत. वाघ कधी रस्त्याच्या कडेलाच पाणवठ्यात बसलेला असते, कधी झुडपाआड नुसते पट्टे हलतात. लेकीला आधी सांगून ठेवा की बस थांबली की बोलायचं नाही, खिडकीवर थापटायचं नाही. तिकीट ऑनलाइन काढा, सकाळची पहिली फेरी घ्या, ऊन तापलं की जनावर सावलीला जाऊन पडते. सोमवारी बंद. एखाद रात्र बाहेर काढायची तयारी असली तर पेंचकडे सिल्लारीला जा, जानेवारी २०२४ मध्ये पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, अमावास्येच्या आसपास आकाश पाहाल तर लेक आयुष्यभर विसरणार नाही. पण लहान पोरगी आणि थंडी, तुमचं तुम्ही ठरवा.

रामटेकची_लेक:
माझं माहेर रामटेकचं म्हणून मी सांगते. बाबा खुशाल येऊ शकतात, गडावर वरपर्यंत गाडीरस्ता आहे, पायऱ्यांची वाट अंबाळ्याकडून वेगळी. वर मंदिरात थोड्या पायऱ्या लागतातच, त्या हळूहळू. नागपूरवरून ५० किलोमीटरच्या आसपास, टॅक्सी दिवसभराची ठरवा म्हणजे परतीची काळजी नाही. आधी मंदिर, मग कालिदास स्मारक, तिथून खाली सगळा मुलूख दिसते, शेतं, तलाव, दूरवर जंगलाची रेघ. प्रसाद पिशवीत आत ठेवा, हातात धरला की वानर घेऊन जाते, आणि वानराशी ओढाताण करायची नाही, सोडून द्यायचं. उतरल्यावर अंबाळा तलाव जरूर बघा, काठाने जुनी मंदिरं आणि घाट, निवांत आहे, मग खिंडसीला बोटिंग. जेवण खिंडसीला उरकून चारपर्यंत निघा.

फेब्रुवारी-मार्चात आला असता तर त्या रस्त्याला पळस फुललेला दिसला असता, पान एक नाही आणि नुसतं केशरी. पुन्हा या त्यासाठी.

महालातला_माणूस:
सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, वर्षातून २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच लोकांसाठी उघडतो, डिसेंबरात नाही. बाहेरून बघा, १८१७ च्या नोव्हेंबरात भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई याच टेकडीवर झाली. त्याऐवजी दुपारी अजब बंगला करा, १८६३ चं संग्रहालय आहे, सोमवार सोडून.

धरमपेठवाली:
संत्र्यांचं सांगते. डिसेंबरात मिळते तो आंबिया बहार, आंबटगोड असते, खरा गोड मृग बहार फेब्रुवारीच्या पुढे. तरी आंबियाही रसाळ असतो. रंगावर जाऊ नका, हिरवट दिसलं तरी आतून पिकलेलं असू शकते. हातात घेतलं की वजनदार लागलं पाहिजे आणि साल थोडी सैल, अंगठ्याने दाबलं तर सालीखाली हवा जाणवते, ते घ्या. एक सोलून खायला मागा, इथे दुकानदार नाही म्हणत नाहीत. काटोल, कळमेश्वर, वरुडकडचा माल विचारा. पेटी घेणार असाल तर निघायच्या दिवशीच घ्या, आधी घेऊन हॉटेलात ठेवू नका, आणि गाडीत खालच्या बाजूला दाबून ठेवली की तळातली दोन-चार नासतात, म्हणून पेटीला मोकळी हवा लागली पाहिजे. संत्रा बर्फी आईंसाठी वेगळी घ्या, ती टिकते.

कोणत्या तारखेला येऊन राहिल्या ते लिहा, शेवंतीचं पेपरात आलं की इथेच टाकते.