मदत हवी आहे: ऑइल बदलल्यानंतर ड्रेन बोल्टपाशी थेंब धरतो, वॉशर कोणता घ्यावा आणि दर वेळी बदलावा का?

नमस्कार मंडळी,

आमचा डिझेल पिकअप वाशीच्या बाजार समितीतून ठाण्यातल्या किरकोळ दुकानांना भाजी पोहोचवतो. वॉरंटी संपल्यापासून इंजिन ऑइल आणि फिल्टर मी व माझा धाकटा भाऊ तुर्भ्याला आमच्या गाळ्यासमोर स्वतःच बदलतो. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचेच भरतो, तरीही गेल्या वेळेपासून चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) ड्रेन बोल्टच्या, म्हणजे ऑइल काढायच्या बोल्टच्या, डोक्याखाली थेंब धरून राहतो आणि रात्रभर गाडी उभी राहिली की खाली टाकलेल्या पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग पडतो. ऑइल मोजायच्या पट्टीवरची पातळी अजून उतरलेली नाही. मात्र ठाणे-बेलापूर रस्त्यावर भरलेल्या गाडीचा बोल्ट ढिला होऊन ऑइल गेले तर इंजिनच जाम होईल, या विचाराने स्वस्थ बसवत नाही.

बोल्ट काढला तेव्हा त्याच्यासोबत तांब्याचा एक वॉशर आला. चेंबरच्या तोंडाशी आणखी एक चकचकीत कडे दिसत होते, ते चेंबरचाच भाग असावे असे वाटले. पण नखाने कड चाचपली तेव्हा तो आधीचा जुना वॉशर निघाला, इतका दबून बसलेला की सहज ओळखू येऊ नये. म्हणजे पूर्वी ज्या गॅरेजमध्ये गाडी जात असे, तिथे जुन्यावरच नवा चढवला होता आणि वर आट्यांना पांढरी टेपही गुंडाळली होती. आम्ही दोन्ही वॉशर आणि टेप काढून, आटे पुसून, दुकानात मिळालेला ॲल्युमिनियमचा एक वॉशर बसवला. चेंबरच्या बैठकीवर स्क्रू ड्रायव्हरने उचकटल्यासारखा एक बारीक ओरखडा आहे, तो बोटाला जेमतेम जाणवतो.

तांबे, ॲल्युमिनियम आणि आत रबराची कड असलेला लोखंडी, असे तीन प्रकार दुकानात दाखवतात. यांपैकी नेमका कोणता घ्यावा? तांब्याचा वॉशर गॅसवर लाल करून पुन्हा वापरता येतो असे बाजारातले काही चालक सांगतात, ते कितपत विश्वासाचे आहे? आणि बोल्ट किती आवळावा? आणखी आवळून थेंब थांबवावा असा भावाचा आग्रह आहे, मला त्याची भीती वाटते.

प्रतिसाद

नमस्कार. कळंबोलीला ट्रक दुरुस्तीच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यावरून लिहितो.

आधी थेंब खरोखर बोल्टचाच आहे का, याची खात्री करून घ्या. ड्रेन बोल्ट सगळ्यांत खाली असतो, त्यामुळे फिल्टरचे किंवा चेंबरच्या पॅकिंगचे ऑइलही ओघळत तिथेच येऊन थांबते. सगळा भाग पुसून कोरडा करा, वर टाल्कम पावडर भुरभुरवा, इंजिन थोडा वेळ चालवा आणि ओल सर्वांत वर कुठे दिसते ते पाहा.

बोल्टचे आटे सरळ असतात, ते ऑइल अडवत नाहीत. ते काम वॉशरचे. मऊ धातू आवळल्यावर दबतो आणि दोन्ही बाजूंच्या बारीक खाचा भरून काढतो. एकदा दबला की तांबे कडक होते आणि दुसऱ्यांदा तसे बसत नाही, म्हणून दर वेळी नवा वॉशर घालणेच योग्य. त्याची किंमत एका कटिंग चहाएवढी असते, तिथे काटकसर नको. मंद लाल होईपर्यंत तापवल्यास भरीव तांबे पुन्हा मऊ होते, ही गोष्ट खरी आहे, आणि पोलादासारखे ते पाण्यात बुडवल्याने कडक होत नाही. पण वर येणारी काळी पापडी बारीक पॉलिश पेपरने पूर्ण घासावी लागते. अडीअडचणीला हे ठीक आहे. ॲल्युमिनियमवर मात्र हा प्रयोग करू नका, कारण ते लाल न होताच ६६० अंशांना वितळते.

प्रकार निवडताना कंपनीने मुळात जो दिला आहे तोच घ्यावा. बैठकीवर ओरखडा असेल तर रबरी कडेचा वॉशर पुष्कळदा कामी येतो, फक्त रबर पूर्णपणे सपाट भागावर बसले पाहिजे. टेप पुन्हा लावू नका. तिचे तुकडे चेंबरमध्ये जातात, शिवाय आटे गुळगुळीत झाल्याने तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.

आवळण्याचा आकडा आपल्या मॅन्युअलमधलाच धरा. तो किलो-मीटरमध्ये (किलो जोर गुणिले मीटर लांबी) असेल तर ९.८ ने गुणून न्यूटन-मीटर काढा. २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला २० किलो जोर लावला तर ४ किलो-मीटर, म्हणजे सुमारे ३९ न्यूटन-मीटर होतात. पान्याला पाइप लावून लांबी ५० सेंटिमीटर केली की त्याच जोराला ९८ होतात. चेंबर ॲल्युमिनियमचे असेल तर आटे असेच मरतात. आपल्या भावाला अजिबात आणखी आवळू देऊ नका.

धागाकर्ता

मनापासून आभार. पावडर लावून पाहिली, फिल्टर आणि पॅकिंग दोन्ही कोरडे आहेत, ओल बोल्टपाशीच आहे. बोल्टला व्हर्नियर लावला तर आट्यांचा बाहेरचा व्यास १४ मिलिमीटर भरतो. बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या वॉशरच्या जोडीचा उरलेला वॉशर मोजला, त्याचे आतले भोक १६ चे आहे, त्यामुळे बसवलेला एका बाजूला सरकून बसला असणार. आता १४ च्या भोकाचा तांब्याचा आणि रबरी कडेचा असे दोन्ही आणले आहेत. हे ऑइल अजून ताजेच आहे. वॉशर बदलण्यासाठी ते टाकून द्यावे लागेल का?

प्रतिसाद

टाकू नका. झाकण असलेल्या, आतून पूर्ण कोरड्या आणि स्वच्छ डब्यात काढा, बारीक जाळीतून गाळून परत भरा आणि पट्टीवर पातळी पाहा. हे काम सपाट जागेवर करा आणि गाडी उचलावी लागली तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका, घोड्या (गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड) लावा. आधी तांब्याचाच बसवा. इंजिन गरम होऊन थंड झाल्यावरही ओल दिसली तरच रबरी कडेचा लावा.