आजोबा रावेरचे, नात इंदूरची: जातीचा दाखला कुणाकडून काढायचा?

परदेशीपुरा:
कुटुंब महार, धर्माने बौद्ध. आजोबा 1954 साली रावेर तालुक्यातून (जि. जळगाव) इथे मालवा मिलमध्ये आले. वडील आणि मुलगी दोघांचा जन्म इंदूरचा. मुलगी पुढच्या वर्षी नीट देणार आहे. लोकसेवा केंद्रातून टाकलेला अर्ज '1950 चा पुरावा नाही' म्हणून परत आला. महार जात मध्य प्रदेशच्या यादीत आहे, मग अडतंय कुठे? शिवाय मुलीच्या शाळेच्या दाखिल-खारिजमध्ये (प्रवेश नोंदवहीत) जातीच्या रकान्यात नुसतं 'बौद्ध' आहे.

जुना_दस्तऐवज:
जात यादीत आहे एवढ्याने भागत नाही. कलम 341 प्रमाणे अनुसूचित जातींची यादी राज्यागणिक वेगळी, आणि माणूस कुठल्या राज्याचा हे 10 ऑगस्ट 1950 ला कुटुंब कुठे राहत होतं त्यावर ठरतं. (जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950.) तुमचे आजोबा त्या दिवशी रावेरला होते, म्हणून घर महाराष्ट्राचं. सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात हेच सांगितलं आणि 2018 मध्ये बीर सिंह प्रकरणात घटनापीठाने ते कायम केलं.

त्यामुळे वैद्यकीय प्रवेशात मध्य प्रदेशच्या स्वतःच्या 85 टक्के जागांमध्ये मुलगी रहिवासी म्हणून बसेल, पण खुल्या गटातून. अखिल भारतीय 15 टक्के कोटा, एम्स आणि केंद्राच्या नोकऱ्या यांत मात्र ती पूर्णपणे अनुसूचित जातीचीच. पोटासाठी नर्मदा ओलांडून आलेल्या गिरणी कामगाराची जात इथे कुणी विसरलं नव्हतं, सवलत तेवढी गावाकडे राहिली. नियम मला पटत नाही, पण अर्ज त्याच्याच चौकटीत करावा लागतो.

आधी वडिलांचा दाखला काढा, मग मुलीचा.

खान_नदीकाठ:
वर लिहिलंय तो क्रम बरोबर आहे, तपशील देतो. वडिलांचा अर्ज महाराष्ट्रात. रावेर तालुका फैजपूरच्या प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) येतो. हे कागद जमवा:

आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. ते शाळेत गेलेच नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक (गाव नमुना 14) शोधायला सांगा. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी जातीसकट असतात. प्रमाणित नक्कलच घ्या, मोबाईलवरचा फोटो चालत नाही. नोंद मोडीत निघाली तर जाणकाराकडून लिप्यंतर करून जोडावं लागेल. सोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र.

बहुतेक अर्ज अडतात ते वंशावळीत. गावच्या नोंदीत 'अमुक वल्द (म्हणजे मुलगा) तमुक महार' एवढंच असतं, आडनाव नाही. इंदूरच्या कागदांवर आडनाव आहे, गाव नाही. तो माणूस एकच, हे नुसत्या प्रतिज्ञापत्राने सिद्ध होत नाही. इथे आजोबांचं मिलमधलं सर्व्हिस रेकॉर्ड कामाला येतं: त्यात त्यांच्या वडिलांचं नाव आणि मूळ गाव दोन्ही असेल तर साखळी जुळते. पीएफची पावती मात्र 1950 चा इंदूरचा रहिवास दाखवायला निरुपयोगी, तो कायदाच 1952 चा.

वडिलांचा दाखला हातात आला की इंदूरच्या एसडीएमकडे (इथला प्रांत) मुलीचा अर्ज करा. केंद्राच्या 22 मार्च 1977 आणि 18 नोव्हेंबर 1982 च्या सूचनांनुसार, वडिलांच्या मूळ राज्यातल्या दाखल्यावरून इथला अधिकारी स्थलांतरिताचा दाखला देऊ शकतो. केंद्राच्या नमुन्यात त्यासाठी वेगळा परिच्छेद आहे, त्यात वडिलांचं नाव आणि मूळ राज्य येतं. खिडकीवर 'स्थलांतरित, केंद्राचा नमुना' असं स्पष्ट सांगा, नाहीतर अर्ज राज्याच्या साच्यात जातो आणि पुन्हा 1950 वर येऊन थांबतो. अधिकाऱ्याला शंका आली तर तो मूळ राज्याकडून चौकशी मागवतो, म्हणून परीक्षेच्या तोंडावर नाही, आत्ताच सुरू करा. महाराष्ट्राची जात वैधता (दाखल्याची समितीकडून पडताळणी) अखिल भारतीय कोट्याला लागत नाही.

मालवा_कट्टा:
'बौद्ध'बद्दल. 1950 च्या आदेशात मुख्यतः हिंदू होते, 1956 मध्ये शीख आणि 1990 च्या दुरुस्तीने बौद्ध आले. म्हणून धर्म बौद्ध लिहिल्याने हक्क जात नाही, भीतीपोटी 'हिंदू' करू नका. पण 'बौद्ध' ही यादीतली जात नाही, रकान्यात 'महार' हवंच. दुरुस्ती मुलगी शाळेत असतानाच करून घ्या, शाळा सोडल्याचा दाखला घेऊन बाहेर पडल्यावर फार जड जातं. नाहीच झाली तर वडील-आजोबांच्या जुन्या नोंदीवर भर द्या, त्याच निर्णायक असतात.

आणि 'इंदूरचाच 1950 चा रहिवास दाखवून देतो' म्हणणारा दलाल भेटला तर हात जोडा. खोट्या दाखल्यावरची जागा किंवा नोकरी नंतर टिकत नाही, 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगदीश बहिरा प्रकरणात ते पक्कं केलंय.

परदेशीपुरा:
आभार. शेजारचं घर अकोल्याचं. त्यांच्या 1950 च्या कागदावर राज्य 'मध्य प्रदेश' आहे. त्यांना इथला मिळेल?

जुना_दस्तऐवज:
तेवढ्यावर नाही. तेव्हा नागपूर त्या मध्य प्रदेशची राजधानी होती आणि इंदूर मध्य भारतात होतं. 1956 च्या पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला. जिल्हा आज ज्या राज्यात आहे तिकडेच अर्ज, म्हणजे अकोल्याच्या प्रांताकडे.