ऑस्करच्या बेस्ट पिक्चरला मेंबर लोक नंबर का लावतात?

पडदावेडी:
कोणी नीट समजावून सांगेल का प्लीज. बेस्ट पिक्चरला दहाच्या दहा सिनेमांना पसंतीचे नंबर लावायचे असतात म्हणे. मग दुसऱ्या नंबरला कमी मार्क, तिसऱ्याला अजून कमी असं असतं का? आणि माझ्या लाडक्या सिनेमाला एक नंबर दिला नि त्याच्याच तगड्या स्पर्धकाला दोन, तर मी माझ्याच सिनेमाचं नुकसान नाही का करत? २०१७ च्या सोहळ्यात 'ला ला लँड'ने सहा ऑस्कर नेली आणि बेस्ट पिक्चर मात्र 'मूनलाइट'ला, तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय.

चिठ्ठ्यांचे_ढीग:
मार्कबिर्क काही नसतात, हाच गैरसमज सगळ्यात जास्त आहे. समज १०० मतं आहेत, पहिल्या पसंतीप्रमाणे ढीग लावले: अ ३८, ब ३०, क २०, ड १२. निम्म्याहून जास्त कोणाकडेच नाहीत, म्हणून सगळ्यात छोटा ढीग ड, तो बाद. त्या १२ चिठ्ठ्यांवर दोन नंबरला कोण आहे बघायचं, ९ ब कडे गेल्या, ३ अ कडे. आता अ ४१, ब ३९, क २०. मग क बाद, त्यातल्या १४ ब ला, ६ अ ला. ब ५३, अ ४७, ब जिंकला. सुरुवातीला आठ मतांनी मागे होता बघ! तुझी चिठ्ठी तुझा एक नंबरवाला सिनेमा बाद होईपर्यंत तिथून हलतच नाही, तोवर दोन नंबरला कोण लिहिलंय हे कोणी बघतसुद्धा नाही, म्हणजे नुकसान होण्याचा प्रश्नच येत नाही, बिनधास्त मनापासून नंबर लाव. 'मूनलाइट'चं म्हणशील तर अकॅडमी मतांचे आकडे कधीच जाहीर करत नाही, त्यामुळे तेव्हा असंच झालं हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही.

पडदावेडी:
अरे वा, आता डोक्यात शिरलं. मग अॅक्टर, डायरेक्टर वगैरेला पण असंच का?

रात्रीचा_शो:
नाही, तिथे फायनलला साधं मतदान, ज्याला जास्त मतं तो जिंकला. बेस्ट पिक्चरला हे २००९ च्या सिनेमांपासून आलं, त्या वर्षी नॉमिनेशन पाचाची दहा केली ना. दहा जणांत मतं फुटली की साध्या पद्धतीत अकरा-बारा टक्केवालाही जिंकू शकतो आणि बाकी जवळजवळ नव्वद टक्के लोकांना तो आवडलेलाच नसेल, हे मला तरी अजिबात पटत नाही.

आम्ही मित्रांनी एकदा हेच कागदाच्या चिठ्ठ्यांवर करून बघितलं, जमिनीवर ढीग लावून. एकाने फक्त दोनच नंबर लिहिले होते. त्याचे दोन्ही सिनेमे बाद झाले आणि शेवटच्या दोघांत निवड करायची वेळ आली तेव्हा त्याची चिठ्ठी ठेवायला ढीगच उरला नाही, मोजणीतून बाहेर. त्यामुळे नावडत्यांनाही नंबर द्यायचा, अगदी दहाव्यापर्यंत.