एलसॅट लॉजिकल रीझनिंग: शेवटच्या दोन ऑप्शनमध्ये नेमका चुकीचाच का निवडला जातो?

अधांतरी
नमस्कार मंडळी, जेडीला, म्हणजे अमेरिकेतल्या कायद्याच्या पदवीला अर्ज करायचाय म्हणून त्याच्या प्रवेशपरीक्षेची, एलसॅटची तयारी चाललीये. ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स (कोड्यांचा सेक्शन) गेले, आता मार्क धरतात त्या तीन सेक्शनपैकी दोन लॉजिकल रीझनिंगचे, म्हणजे सगळी भिस्त ह्यावरच. प्रश्नांचे प्रकार ओळखता येतात, असम्प्शन, फ्लॉ, स्ट्रेंग्थन, वीकन वगैरे, पाचातले तीन ऑप्शन पटापट उडवते पण उरलेल्या दोनात हमखास माती खाते आणि उत्तर बघितलं की अर्र हेच तर होतं असं होतं. वर ३५ मिनिटांत शेवटचे चारपाच प्रश्न हातच लावायचे राहतात. नुसते प्रश्न वाढवू का पद्धतच बदलू? आणि जुनी पुस्तकं पडलीयेत ती वापरायची का रद्दीत घालायची?

शेवटचा_बाक
रद्दीत नका घालू, गेम्सचा भाग तेवढा सोडा, लॉजिकल रीझनिंगचे जुने प्रश्न आजही तितकेच कामाचे आहेत. शिवाय लॉहबवर, म्हणजे एलसॅट घेणाऱ्या संस्थेच्याच साइटवर फुकट खातं उघडलं की नव्या पद्धतीच्या काही टेस्ट मिळतात, त्या आधी करा.

आता मूळ दुखणं. माझा अंदाज असा की तुम्ही आर्ग्युमेंट वाचून लगेच ऑप्शनवर उडी मारता आणि मग ऑप्शनच तुम्हाला विचार करायला लावतात. उलटं करा. समजा असं दिलंय: एका लायब्ररीने उशिराचा दंड बंद केला, पुढच्या वर्षी पुस्तकं वेळेवर परत यायचं प्रमाण वाढलं, म्हणून दंड काढल्यामुळेच ते वाढलं. इथे थांबायचं, ऑप्शन हाताने झाका वाटलं तर, आणि स्वतःला विचारायचं की ह्यात घोळ कुठेय. अहो कावळा बसायला आणि फांदी तुटायला! दुसरं काही कारण असेल की. एवढं मनात पक्कं झालं की मग वीकनचे, म्हणजे आर्ग्युमेंट कमजोर करणारे ऑप्शन बघा:

एक, काही सभासदांना दंड बंद झाल्याचं माहीत नव्हतं.
दोन, त्याच वर्षी लायब्ररीने परत करायच्या तारखेआधी मेसेज पाठवायला सुरुवात केली.

पहिला गोड दिसतो, विषयाचाच आहे, पण ‘काही’ म्हणजे एक माणूससुद्धा चालतो, बाकी सगळ्यांना माहीत असेल तर आर्ग्युमेंटला काय धक्का बसला? दुसरा ऑप्शन सरळ पर्यायी कारण हातात देतो. शेवटच्या दोनात अडकलं की बहुतेक वेळा भांडण असल्या एका शब्दावरच असतं, काही, बहुतेक, फक्त, कधीच नाही, तेवढा शब्द शोधा.

तर्कट
वरच्यात एक भर. त्या लायब्ररीच्या उदाहरणात ‘प्रमाण’ शब्द आहे तो पण बघा. उशीर करणाऱ्या लोकांनी त्या वर्षी पुस्तकं नेणंच सोडलं असेल तर एकाचीही सवय न बदलता प्रमाण वाढेल. टक्केवारी आणि आकडा ह्यांची गल्लत एलसॅटला फार आवडते.

पण ऑप्शन झाकायचं सरसकट मला पटत नाही. मस्ट बी ट्रू टाइपच्या प्रश्नात पोकळी शोधत बसलात तर वेळ गेला, तिथे बहुतेकदा आर्ग्युमेंटच नसतं, नुसती विधानं असतात, ती खरी धरायची आणि त्यातून काय निघतं एवढंच बघायचं. तिथे सगळ्यात बुळबुळीत, कमीत कमी दावा करणारा ऑप्शन बऱ्याचदा बरोबर निघतो. म्हणून आधी प्रश्न वाचायचा का आधी उतारा ह्यावर लोक तावातावाने भांडतात, मी तरी आधी प्रश्न वाचते.

‘तर’ आणि ‘तरच’ पण घोटून घ्या. सही असेल तरच अर्ज घेतात म्हणजे अर्ज घेतला असेल तर सही होती, हे नक्की. सही आहे म्हणून अर्ज घेतीलच असं नाही, फी राहिली असेल. उलटवताना दोन्ही बाजू नकारार्थी करायच्या: सही नाही, तर अर्ज नाही. इंग्रजीत ओन्ली इफ आणि अनलेस दिसलं की घाईत हमखास बाण, म्हणजे कशावरून काय निघतं ती दिशा, उलटा पडतो.

अधांतरी
लायब्ररीचं डोक्यात बसलं, थँक्यू दोघांना. पण नेसेसरी असम्प्शनला निगेशन करून बघा म्हणतात ते माझं कधी चालतं कधी नाही, का?

शेवटचा_बाक
तेच उदाहरण घ्या. असम्प्शन: निदान काही सभासदांना तरी दंड बंद झाल्याचं माहीत होतं. आता नाकारा: कोणालाच माहीत नव्हतं. मग दंड काढल्याने लोक बदलले हे म्हणताच येत नाही, आर्ग्युमेंट आडवं, म्हणजे हे असम्प्शन लागतंच. पण ‘सगळ्यांना माहीत होतं’ हे नाकारलं तर ‘निदान एकाला नव्हतं’ एवढंच होतं, ‘कोणालाच नव्हतं’ असं नाही. तुमची गडबड बहुतेक इथेच होत असणार. आणि सफिशियंट असम्प्शनला ही युक्ती लावूच नका, तिथे प्रश्न वेगळा असतो, हे विधान जोडलं की कन्क्लूजन शंभर टक्के सिद्ध होतं का.

घड्याळवाला
वेळेबद्दल कोणी बोललंच नाही. ३५ मिनिटांत साधारण २५ प्रश्न म्हणजे सरासरी सव्वा मिनिटाच्या थोडं वर, पण सगळ्यांना सारखा वेळ द्यायचा नसतो. सुरुवातीचे सहसा सोपे, मधल्यापासून पुढे चिवट. दोन ऑप्शनमध्ये अर्धा मिनिट गेला की एक टिका, फ्लॅग करा, पुढे चला. चुकीला मार्क कापत नाहीत त्यामुळे काहीही कोरं सोडायचं नाही, शेवटच्या मिनिटात न वाचलेल्यांना पण काहीतरी टिका.

प्रश्न वाढवण्यापेक्षा टेस्ट झाल्यावर फ्लॅग केलेले सगळे उत्तर न बघता, घड्याळ बंद करून परत सोडवा. तेव्हा बरोबर आलं तर वेग कमी पडतोय, तेव्हाही चुकलं तर समजच कच्ची आहे, उपाय वेगळे. आणि एक सेक्शन मार्कात न धरलेला असतो, तोही लॉजिकल रीझनिंगचा निघू शकतो, कुठला ते कळत नाही, त्यामुळे असे तीन सेक्शन बसून द्यायची सवय ठेवा. दुसऱ्या सेक्शननंतर १० मिनिटांचा ब्रेक असतो, घरी पण तेवढाच घ्या.